मधुमेही विद्यार्थ्याचा दिनक्रम

मधुमेह हा शब्द कानी पडला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादे पन्नाशी उलटलेले, अंगाने स्थूल व बैठा व्यवसाय करणारे गृहस्थ उभे राहतात. चहात साखर नको म्हणून सांगणारे, सकाळी अगस्ती मंदिराच्या रस्त्याने फिरावयास जाणारे आणि लग्नाच्या पंक्तीत जिलबीकडे पाहून सुस्कारा टाकणारे असे गृहस्थ आमच्या अकोल्यासही पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ते नव्हेत. दहा-बारा वर्षांच्या, काटक, झाडावर सरसर चढणाऱ्या मुलासही मधुमेह होतो, आणि तो झाला म्हणजे इन्शुलिनच्या टोचणीवाचून त्याचे प्राण वाचत नाहीत, ही गोष्ट शिक्षकी पेशात बरीच वर्षे लोटेपर्यंत मला स्वतःला ठाऊक नव्हती. ती कशी ठाऊक झाली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गात राजूरच्या पलीकडील एका वाडीवरून आलेला एक मुलगा होता. तो वसतिगृहात राहत असे. त्याची गोष्ट लिहिण्यास त्याने व त्याच्या आईवडिलांनी संमती दिली आहे. नाव मात्र देत नाही. पावसाळा संपता संपता तो एका तासात दोन-दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागू लागला. परत येताना वर्गाबाहेरील माठापाशी थांबे, दोन-तीन पेले पाणी पिई आणि मग आत येई. माझा तास बीजगणिताचा. पोराने तास चुकविण्याची ही युक्ती काढली आहे असे मी मनाशी ठरविले आणि एके दिवशी त्यास बाकावर उभे केले. वर्ग हसला. तो काही बोलला नाही. त्याच्या सदऱ्याचा गळा सैल पडला होता आणि विजार सुतळीने आवळलेली होती, हे मी पाहिले. परंतु पाहणे निराळे आणि ध्यानात घेणे निराळे. वसतिगृहात तो अंथरूण ओले करतो म्हणून मुले त्यास चिडवीत, हे मला मागाहून कळले.

पुढच्या आठवड्यात त्यास ओकाऱ्या सुरू झाल्या व पोट दुखू लागले. कोणी पित्त म्हणाले, कोणी बाहेरची बाधा म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो धाप लागल्यासारखा खोल खोल श्वास घेऊ लागला आणि त्याच्या तोंडास पिकून उतरलेल्या फळासारखा वास येऊ लागला, तेव्हा त्यास गाडीत घालून संगमनेरास नेले. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी १०० मिलिलिटरमागे सुमारे ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते; ह्याच्या रक्तात ती ५०० च्या वर होती. डॉक्टरांनी शिरेतून सलाईन व इन्शुलिन चालू केले आणि आम्हाला विचारले, "हा मुलगा कित्येक दिवस सारखे पाणी पीत असेल, लघवीस जात असेल, वाळतही असेल. कोणाच्याच लक्षात आले नाही काय?" मी उत्तर दिले नाही.

अतिशय तहान, वारंवार लघवी, खाऊनपिऊनही वजन उतरणे आणि न जाणारा थकवा, ही ती लक्षणे होत. पूर्वी अंथरूण ओले न करणारे मूल एकाएकी करू लागले तर तीही सूचनाच समजावी. बोटातील एका थेंबावर साखरेची तपासणी मिनिटाच्या आत होते. ती वेळीच झाली असती तर त्या मुलाचे चार दिवसांचे मरणप्राय हाल टळले असते.

आता हा रोग आहे तरी काय, हे पाहू. प्रवरेच्या काठी उसास पाणी देताना दारे धरणे म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांस शिकवावयास नको. पाटाने पाणी येते. फावडे घेऊन उभा असलेला गडी एका वाफ्याचे दार उघडतो, तो भिजला म्हणजे ते बुजवून दुसऱ्याचे उघडतो. आपण खातो त्या भाकरीची, भाताची साखर होऊन ती रक्तात उतरते. रक्त हा पाट, शरीरातील असंख्य पेशी हे वाफे, आणि दारे धरणारा गडी म्हणजे इन्शुलिन. जठराच्या मागे आडवे पडलेले स्वादुपिंड नावाचे इंद्रिय आहे. त्यातील पेशींची लहान लहान बेटे हा रस रक्तात सोडतात. जर्मन शास्त्रज्ञ लांगरहान्स ह्यांनी ही बेटे १८६९ मध्ये प्रथम वर्णिली. गडी नाहीसा झाला म्हणजे पाट तुडुंब भरून वाहतो आणि वाफे मात्र कोरडे पडतात. मधुमेही मुलाची अवस्था नेमकी अशी असते. रक्तात साखरेचा पूर, आणि पेशी उपाशी. रक्तातील साखर साधारणतः १८० च्या पुढे गेली म्हणजे ती लघवीवाटे सांडू लागते व आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी अधिक, आणि म्हणून तहान. उपाशी शरीर मग स्वतःची चरबी जाळू लागते. त्या जळणातून किटोन नावाची आम्ले साचतात. ओकाऱ्या, पोटदुखी, खोल श्वास आणि तो फळासारखा वास ही त्यांचीच करणी.

बेटांतील ह्या पेशी मारतो कोण? मौज अशी की, रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने जे सैन्य बाळगलेले असते तेच चुकीने आपल्या माणसांवर उलटते. ते का उलटते ह्याचा संपूर्ण उलगडा अद्यापि झालेला नाही. परंतु गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही, तो संसर्गाने पसरत नाही, आणि त्यात आईबापांचा दोष नसतो, इतके निश्चित आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण इस्पितळाच्या ओसरीवर त्या मुलाच्या आईने मला पहिला प्रश्न केला तो हा: "गुर्जी, लहानपणी याला गूळ लई खाऊ घातला, त्यानं झालं का हे?" ती बाई तीन दिवस तोच विचार करीत बसली होती.

ह्या दोन प्रकारच्या मधुमेहांतील भेद आपल्या पूर्वजांस अगदीच अज्ञात होता असे नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले असून पहिल्याचा रोगी कृश व तृषार्त, तर दुसऱ्याचा स्थूल असतो असे वर्णन आहे. मात्र कृश रोग्यास वाचविण्याचा उपाय जगात कोणापाशीही नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य डॉक्टर अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवीत. त्याने मरण काही महिने पुढे ढकलले जाई, इतकेच. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड ह्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हा रस वेगळा केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉमसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास तो प्रथम टोचण्यात आला. पहिला रस अशुद्ध असल्याने नीट लागू पडला नाही. जेम्स कॉलिप ह्या रसायनज्ञाने तो शुद्ध केला, २३ जानेवारीस पुन्हा टोचला, आणि मरणाच्या दारातील मुलगा सावरला. तो पुढे तेरा वर्षे जगला. संशोधकांनी आपला हक्क टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरास देऊन टाकला, ही गोष्ट तर सुप्रसिद्धच आहे. पुढे साठ वर्षे गाई व डुकरे ह्यांच्या स्वादुपिंडांतून इन्शुलिन काढीत. १९८२ पासून सूक्ष्मजंतूंकडून करवून घेतलेले मानवी इन्शुलिन औषध म्हणून मिळू लागले.

पोटातून घेतल्यास इन्शुलिन अन्नाप्रमाणे पचून जाते. म्हणून ते टोचूनच घ्यावे लागते. इतिहास इतका पुरे. इस्पितळातून परतलेल्या मुलाचा पहिला दिवस ही खरी परीक्षा होय. स्वादुपिंड जे काम न सांगता, न कळता, क्षणोक्षणी करीत होते, ते आता त्या मुलाने स्वतः गणित करून करावयाचे असते, आणि त्यास सुटीचा दिवस नाही.

आमच्या विद्यार्थ्यास दिवसातून चार टोचण्या सांगितल्या होत्या. तीन जेवणांपूर्वी, जेवणाची साखर आवरण्यासाठी. आणि चौथी रात्री, मंद गतीने अहोरात्र काम करणाऱ्या इन्शुलिनची. साधे इन्शुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास टोचावे लागते. नवीन शीघ्र प्रकारचे अगदी पानावर बसताना चालते. वसतिगृहाच्या जेवणाची घंटा कधी वेळेवर होई, कधी पाऊण तास उशिरा. टोचून बसलेल्या मुलास असा उशीर घातक ठरू शकतो, हे स्वयंपाकीणबाईंस सांगताच त्यांनी त्याचे ताट आधी वाढावयास प्रारंभ केला. सुई पोटावर, मांडीवर, दंडावर किंवा कुल्ल्यावर टोचता येते, परंतु रोज त्याच जागी टोचल्यास तेथे गाठ धरते व औषध नीट शोषले जात नाही. सुई इतकी बारीक असते की दुखणे फारसे नसतेच. वर्गातील मुले डोळे मिटीत. तो स्वतः मिटीत नसे.

येथे बीजगणिताच्या शिक्षकास थोडे गणित सांगण्याची परवानगी असावी. आपल्या देशात बाटलीतील इन्शुलिन बहुधा मिलिलिटरमागे ४० युनिटांचे असते, आणि पेनातील १०० युनिटांचे. पिचकाऱ्याही दोन जातींच्या मिळतात: ४० ची तांबड्या टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. चाळीसचे औषध चुकून शंभरच्या पिचकारीने घेतले तर दहाच्या रेघेपर्यंत भरूनही पोटात जातात चारच युनिटे. उलट, शंभरचे औषध चाळीसच्या पिचकारीने घेतले तर दहाची होतात पंचवीस, आणि तो डोस प्राणावर बेतू शकतो. दुकानदाराने दिलेली पिचकारी बाटलीवरील आकड्याशी ताडून पाहिल्यावाचून वापरू नये.

औषध ठेवावे कसे, हा खेड्यातील दुसरा प्रश्न. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रीजमध्ये, ठेवावी. परंतु बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही, कारण एकदा गोठलेले इन्शुलिन निकामी होते. चालू बाटली सावलीत, थंड जागी, सुमारे चार आठवडे टिकते. वाडीवर फ्रीज नव्हता. आणि ज्या घरी होता तेथे पावसाळ्यात वीज टिकत नसे. तेव्हा आजीनेच मार्ग काढला. मोठ्या मडक्यात वाळू घातली, ती भिजविली, आत लहान मडके बसविले, त्यात बाटली ठेवली आणि वर ओले फडके टाकले. वाळूतील पाण्याची वाफ होताना आतील उष्णता निघून जाते. हवा जितकी कोरडी तितका हा उपाय चांगला, म्हणून चैत्र-वैशाखात तो विशेष उपयोगी पडतो. आषाढात हवा दमट असल्याने मडके फारसे थंड होत नाही, पण त्या दिवसांत सह्याद्रीच्या कुशीत मुळात उकाडाच नसतो. ही युक्ती आडाण्याची म्हणून हसण्याचे कारण नाही. उष्ण देशांत अशा मडक्यांची शास्त्रशुद्ध तपासणी झाली आहे. जिनिव्हा विद्यापीठ व सीमारहित डॉक्टरांची संघटना ह्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान कमीजास्त होणाऱ्या तापमानातही चार आठवडे इन्शुलिनचा गुण टिकल्याचे दिसून आले. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत मात्र पिशवी विसरू नये.

तपासणीचे यंत्र खिशात मावते. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावे, म्हणजे कमी दुखते. त्यापूर्वी हात धुणे अवश्य. एकदा यंत्राने ३१० हा आकडा दाखविला आणि आम्ही सारे घाबरलो. हात धुऊन पुन्हा पाहिले तो १३८. बोटास गूळ लागला होता.

गुळाचा विषय निघालाच आहे तर खाण्याविषयी सांगतो. आमचा हा तालुका साखर कारखान्याचा. हंगामात उसाच्या गाड्या रस्त्याने जातात आणि मुले मागून कांडे ओढतात. मधुमेही मुलाने काय नुसते पाहत राहावे? वास्तविक त्याचे अन्न इतरांहून फार निराळे नसते. जे कोणतेही पिष्ट खावयाचे त्याचा हिशोब धरून इन्शुलिन घ्यावयाचे, हे त्यातील मुख्य सूत्र आहे. लोकांचा समज असा की, भात सोडून नाचणी वा बाजरी धरली म्हणजे साखर वाढत नाही. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे साठ ग्रॅमांहून अधिक पिष्ट असते, आणि नाचणीत त्याहूनही थोडे जास्त. कोंड्यामुळे आणि चोथ्यामुळे ती साखर काहीशी सावकाश चढते, हा फायदा आहेच; परंतु भाकरी मोजावीच लागते. आमच्या विद्यार्थ्याच्या आईने एक वाटी ठरवून घेतली असून भाकरीचे पीठ ती त्याच वाटीने घेते. डाळी, हुलगे, अंडी, मासळी व पालेभाज्या ह्यांनी पोट भरते आणि साखर फारशी उसळत नाही. सणाची पुरणपोळी वर्ज्य नाही. ती मोजून, डॉक्टरांनी शिकविलेल्या हिशोबाने वाढीव इन्शुलिन घेऊन खाता येते. उसाचे कांडे मात्र मोजता येत नाही, म्हणून तो ते सहसा टाळतो. सहसा, असेच म्हणतो; चौदा वर्षांचा मुलगा आहे तो. उपवासाचा साबुदाणा हा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच, आणि कडकडीत उपवास इन्शुलिन घेणाऱ्या मुलाने डॉक्टरांस विचारल्यावाचून करूच नये.

कारण दुसऱ्या बाजूसही एक दरी आहे. इन्शुलिन जास्त झाले, जेवण कमी पडले किंवा श्रम अधिक झाले तर रक्तातील साखर एकाएकी घसरते. ७० च्या खाली ती गेली की हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, भूक लागते; आणखी उतरली तर बोलणे असंबद्ध होते, मूल चिडते, रडते, भलतेच वागते आणि अखेर बेशुद्ध पडते. ह्या वेळी सोबत्यांनी काय करावयाचे हे ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे. पेलाभर पाण्यात तीन चहाचे चमचे साखर घालून ताबडतोब पाजावे. पेढा, चॉकलेट हे अशा वेळी मंद. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर कमीच असल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, आणि सावरल्यावर भाकरीचा तुकडा द्यावा. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाईल. त्यास कुशीवर निजवावे, ग्लुकागॉनची टोचणी जवळ असल्यास द्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. संशय असेल आणि यंत्र जवळ नसेल तर शुद्धीवर असलेल्या मुलास साखर द्यावीच. थोडी अधिक साखर पोटात गेल्याने क्षणात काही बिघडत नाही. न गेल्याने बिघडते.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल कळसूबाईस निघाली, तेव्हा ह्या मुलास न्यावे की नाही ह्याचा वाद पडला. १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, वाटेवर लोखंडी शिड्या. जबाबदारी कोणी घ्यावी? "सर, मी त्या डोंगराखालचाच आहे," एवढेच तो म्हणाला. डॉक्टरांस विचारले. त्यांनी सकाळचे इन्शुलिन कमी करावयास सांगितले, दर तासास काही खावयास सांगितले, आणि बरोबर साखर व यंत्र असल्यावाचून पाऊल टाकू नका अशी ताकीद दिली. दुसऱ्या शिडीपाशी तो एकाएकी खाली बसला आणि "मला नाही यायचं, तुम्ही जा," असे तुसडेपणाने बोलू लागला. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर त्यास आळशी म्हणालो असतो. यंत्राने ५८ दाखविले. साखरेचे पाणी दिले. सारा वर्ग पंधरा मिनिटे कातळावर बसून राहिला. कोणी हसले नाही. मग ९४ झाली, त्याने भाकरी खाल्ली आणि माझ्या आधी तो माथ्यावर पोहोचला. श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून त्या रात्री दोन वाजता उठवून त्यास पुन्हा तपासले. खेळापासून अशा मुलास दूर ठेवण्याचे कारण नाही, ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम. १९९७ मध्ये त्यास हाच रोग असल्याचे निदान झाले, आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतील आपला पाचशेवा बळी घेतला.

आजारपणाविषयी एक गोष्ट विशेष जोराने सांगावयास हवी. ताप आला, ओकाऱ्या झाल्या, पोटात अन्न ठरेना, तर "आज काही खाल्ले नाही, मग इन्शुलिन कशाला?" असे घरचे म्हणतात. हा विचार सरळ दिसतो आणि प्राणघातक आहे. तापात शरीर स्वतःच साखर सोडते. इन्शुलिनची गरज बहुधा वाढते. टोचणी बंद करावयाची नाही. तपासणी वाढवावयाची, पाणी पाजावयाचे, किटोन पाहावयाचे आणि डॉक्टरांस गाठावयाचे.

परंतु सर्वांत मोठा धोका मला वाटतो तो ह्याहून निराळा, कारण तो आनंदाच्या वेषात येतो. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी कित्येक मुलांची इन्शुलिनची गरज एकदम उतरते. स्वादुपिंडातील उरल्यासुरल्या पेशींस विसावा मिळतो आणि त्या काही काळ पुन्हा काम करू लागतात. ही स्थिती काही आठवडे, क्वचित वर्षभरही राहते आणि मग ओसरते. आमच्या विद्यार्थ्याची दिवसाची ३२ युनिटे होती. दोन महिन्यांत ती ९ वर आली. नेमक्या त्याच सुमारास घरच्यांनी एका वैदूकडून कसलेसे कडू चूर्ण आणले होते. मग काय विचारता! चूर्णाचा गुण आला, पोर बरे झाले, आता सुई बंद, असे वाडीवर ठरले. मुलाने हे मला भीत भीत सांगितले, तेव्हा एका रविवारी मी वाडीवर गेलो.

त्याच्या वडिलांनी मला चहा दिला आणि विचारले, "गुर्जी, सुई जल्मभर म्हणता. मग असं पोरगं काय कामाचं?" त्या प्रश्नात निष्ठुरता नव्हती. बाजारास जावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते. पट्ट्या, सुया, बाटल्या ह्यांचा खर्च दरमहा चालूच. आणि वर बरे होण्याची आशा नाही असे सांगणारा मास्तर. मी त्यांस दाऱ्यांचीच उपमा दिली. म्हणालो, "जुना गडी आजारी आहे, चार दिवस बरा वाटून कामावर आला आहे, म्हणून नव्या गड्यास काढून टाकाल तर तो पुन्हा पडल्यावर पाणी कोण देईल?" ते बराच वेळ बोलले नाहीत. आजी म्हणाली, "चूर्ण ठेवा फळीवर. सुई चालू राहू द्या." पाच महिन्यांनी मात्रा पुन्हा २८ वर गेली. तोवर सुई बंद झाली असती तर मला हा लेख लिहिता आला नसता.

खर्चाचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे कबूल केले पाहिजे. नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे ह्यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट ही संस्था स्थापन करून गरीब मधुमेही मुलांस विनामूल्य इन्शुलिन पुरविण्याचे काम आरंभिले. अशा कार्याची गरज प्रत्येक जिल्ह्यास आहे. मुलींच्या बाबतीत तर खर्चाच्या जोडीस लपवालपवीही येते. लग्न जमणार नाही ह्या भीतीने मुलीचा रोग सोयरिकीत लपवितात; मग ती सासरी चोरून सुई घेते, किंवा घेतच नाही. असे न होईल तर किती बरे! मधुमेही स्त्रिया नीट देखरेखीखाली निरोगी मुलांस जन्म देतात, हे वरपक्षासही कळावयास हवे.

दर तीन महिन्यांनी एक निराळी तपासणी करतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांस चिकटलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. डॉक्टरांस दाखविण्यासाठी वहीत खोटे आकडे लिहिणाऱ्या मुलाचे बिंग ह्या तपासणीत फुटते. आमच्या विद्यार्थ्याचे एकदा फुटले. डॉक्टर रागावले नाहीत, ते म्हणाले, "वाईट आकडा लिही, त्याचे मला काम आहे." साखर आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंडे व ज्ञानतंतू ह्यांचे विकार पुष्कळ टळतात, हे अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रोग्यांवर केलेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ प्रयोगाने सिद्ध केले आहे.

शाळांनी काय करावे? केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांस परीक्षेच्या दालनात खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने सर्व राज्यांस लिहून इन्शुलिन, यंत्र व खाऊ जवळ बाळगू द्यावा असे सुचविले. आमच्या येथे दर जूनमध्ये नव्या शिक्षकांस ह्या मुलाविषयी सांगितले जाते. माझ्या टेबलाच्या खणात खडूंच्या पेटीशेजारी साखरेचा एक डबा असतो. त्यास मुंग्या लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा मुलेच तो पुसून ठेवतात. मुलगा यंदा दहावीस आहे. तास चालू असता तो उठला म्हणजे परवानगी मागत नाही. यंत्राची पिशवी उचलतो, बाहेर जातो आणि परत येऊन फळ्यावरील पुढचे उदाहरण उतरवून घेतो.